मेणाचा खांब

पवित्र शनिवारची रात्र. चर्चचे आतले-बाहेरचे सगळे दिवे मालवलेले. आवारातल्या क्रुसापाशी नारळाच्या सोडणांचा ढीग रचून ठेवलेला आणि त्याच्याभोवती माणसांचं कोंडाळं. कुणी मोठ्यानं बोलत नाही. प्रत्येकाच्या हातात वीतभर मेणबत्ती आणि तिच्यात ओवलेली पुठ्ठ्याची चकती. ओघळ बोटांवर येऊ नये म्हणून ही सोय. वसईत माझं लहानपण गेलं; त्या साऱ्या वर्षांत त्या चकतीनं एकदाही आपलं काम केलेलं मला आठवत नाही.

सोडणं पेटतात. आधी नुसता धूर, मग ज्वाळा. त्या उजेडात फादर एक जाडजूड मेणबत्ती पुढ्यात घेतात. मनगटाहून जाड, आणि उभी केली तर लहान मुलाच्या डोक्यावरून जाईल एवढी उंच. टोकदार सळईनं ते तिच्यावर क्रूस कोरतात. वर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर आल्फा, खाली शेवटचं ओमेगा, आणि क्रुसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. मग धूपाचे पाच दाणे, येशूच्या पाच जखमांचे. शेवटी शेकोटीतून ज्योत. ती मेणबत्ती उचलून काळोख्या चर्चमध्ये नेतात. वाटेत तीनदा थांबायचं, हा ख्रिस्ताचा प्रकाश आहे असं गाऊन सांगायचं, आणि लोकांनी देवाचे आभार मानायचे. दुसऱ्या थांब्यानंतर जवळ उभा असलेला आपली मेणबत्ती तिच्यावर लावतो, त्याच्यावर शेजारचा, त्याच्यावर मागचा. दिव्यानं दिवा लागत जातो. दोन-चार मिनिटांत सगळं चर्च खालून उजळलेल्या चेहऱ्यांनी भरून जातं, आणि पहिला गरम थेंब अंगठ्यावर पडतो.

हिला पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती म्हणतात. नाताळला दाखवायला पुष्कळ असतं: चांदण्या, गोठा, फराळाची ताटं. ईस्टरला दाखवण्याजोगं खरं म्हणजे एवढंच आहे, आणि तेही दाखवायचं तर आधी दिवे मालवावे लागतात. शुभवर्तमानांतही पुनरुत्थानाचा प्रसंग तसाच आहे. क्रुसावरचं मरण भर दिवसा, गर्दीसमोर झालं. कबरेतून उठणं मात्र कुणीच पाहिलेलं नाही. पहाटेच्या अंधारात बाया तिथे पोचतात तेव्हा धोंड बाजूला झालेली असते आणि कबर रिकामी. मग्दालियाच्या मरियेला तर समोर उभा असलेला येशू आधी माळीच वाटतो. ईस्टरचा आनंद पहिल्यापासून असा उशिरा कळलेला आणि हळू आवाजातला आहे. त्याला सोळाशे वर्षं ह्या मेणबत्तीनं सांभाळलं. तिच्या कुळकथेत विद्वानांचे रुसवे आहेत, एका शब्दाचा घोटाळा आहे, आणि शेकडो वर्षं चाललेली एक मोठीच विसंगतीही.

आधी नावांचं पाहू. ईस्टर हे नाव इंग्रजांचं. आठव्या शतकातला इंग्लंडमधला मठवासी बीड लिहितो की, एओस्त्रे नावाच्या जुन्या देवीच्या महिन्यावरून ते आलं. बाकी बऱ्याचशा ख्रिस्ती जगात सणाचं नाव निघतं ते ज्यूंच्या सणाच्या हिब्रू नावावरून, 'पेसाख'वरून. ग्रीक आणि लॅटिनमध्ये ते पास्खा झालं, पोर्तुगिजांनी पाश्कोआ केलं, आणि आपल्याकडे वसईत नि गोव्यात पास्का रुजलं. मराठी बायबलने पेसाखला शब्द दिला तो 'वल्हांडण'. ओलांडण्याच्या नात्यातला हा शब्द मला फार आवडतो. इजिप्तमध्ये कोकराचं रक्त लावलेली दारं मृत्यूनं ओलांडली, मग इस्राएली लोकांनी समुद्र ओलांडला, आणि रात्रीच्या वाटेवर त्यांच्यापुढे अग्नीचा खांब चालत राहिला. पास्काची मेणबत्ती म्हणजे तोच खांब, असं त्या रात्रीचं स्तोत्र मानतं. म्हणून तर ती उचलून पुढे न्यायची आणि लोकांनी तिच्यामागून जायचं.

आणि मेण. संस्कृतात 'मदन' शब्दाचा एक अर्थ मधमाश्यांचं मेण असा आहे. प्राकृतात त्याचं मयण झालं, मराठीत मेण. म्हणजे भाषेच्या हिशेबानं मेणबत्ती फक्त माशीच्याच मेणाची. आज दुकानात मिळते ती पॅराफिनची, खनिज तेलातून निघालेली. नाव तेवढं माशीचं उरलंय.

दिवेलागणीला देवाचं नाव घ्यायची रीत ख्रिस्ती लोकांनी काढलेली नाही. शब्बाथ लागताना ज्यू घरातली बाई दिवा लावून आशीर्वाद म्हणते. पहिले ख्रिस्ती त्याच घरांतले. संध्याकाळी दिवा आत आणायचा आणि आभार मानायचे, ही रीत त्यांनी पुढे चालवली. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक बाई पश्चिम युरोपातून यरुशलेमेला यात्रेला गेली आणि पाहिलं ते सगळं तिनं मैत्रिणींसाठी लिहून ठेवलं. ती सांगते की, तिथल्या पुनरुत्थान मंदिरात रोजच्या दिवेलागणीला ज्योत बाहेरून आणत नाहीत. कबरेच्या गुहेत रात्रंदिवस तेवणारा एक दिवा आहे, त्याच्यावरून घेतात. उजेड कबरेतून बाहेर यायचा! ईस्टर समजावून सांगायला ह्याहून जास्त बोलावं लागत नाही.

बादशाही थाटही त्याच शतकातला. रोमन बादशहा कॉन्स्टन्टाईनचा चरित्रकार युसेबियस लिहितो की, पास्काच्या रात्री बादशहा शहरभर मेणाचे उंचच उंच खांब पेटवायचा आणि रात्रीचा दिवस करायचा. मला एगेरियाचा दिवा जास्त पटतो, पण मेणाचा खांब आला तो असा.

पुढची नोंद गमतीची आहे. ३८४ साली उत्तर इटलीतल्या पियाचेंझा गावचा प्रेसिदियुस नावाचा डीकन संत जेरोमला पत्र पाठवतो. डीकन म्हणजे धर्मगुरूच्या खालची पायरी, आणि पास्काच्या मेणबत्तीची स्तुती गायचा मान त्याचा. ही स्तुती त्या काळी ज्यानं त्यानं स्वतः रचायची असे. प्रेसिदियुसला भीती वाटली असावी, म्हणून त्यानं लॅटिनच्या सर्वांत धारदार लेखकाला गळ घातली, मला एक लिहून द्या. जेरोमनं लिहून दिलं ते झाडलेलं पत्र. बिशप आणि धर्मगुरू गप्प बसलेत, डीकन मधेच फुलं, कुरणं, मधमाश्या यांची वर्णनं करतोय, व्हर्जिलच्या शेतीवरच्या काव्यातून उसनी घेतलेली. ह्याचा पास्काशी संबंध काय, असा एकूण सूर. प्रेसिदियुसनं त्या वर्षी काय गायलं ते कळत नाही. पण ह्या फटकाऱ्यामुळे आपल्याला एक पक्की गोष्ट कळते: ३८४ साली उत्तर इटलीत ही मेणबत्ती होती, तिची स्तुती रूढ होती, आणि तीत मधमाश्या होत्या.

तिकडे संत ऑगस्टीनला असं काही वावडं नव्हतं. 'देवाची नगरी' ह्या ग्रंथाच्या पंधराव्या भागात तो जाता जाता सांगतो की, मेणबत्तीच्या स्तुतीत मीही काही ओळी रचल्या होत्या. ४१७-१८च्या सुमारास पोप झोसिमुसनं रोमच्या भोवतालच्या चर्चना मेणबत्ती आशीर्वादित करायची परवानगी दिल्याचं पोपांच्या जुन्या चरित्रग्रंथात आहे. खुद्द पोपच्या उपासनेत मात्र ती बऱ्याच उशिरा आली. गावाकडून दरबारात गेलेली ही रीत.

ज्यानं त्यानं रचायच्या त्या स्तोत्रांतून शेवटी एक टिकलं. पहिल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'एक्सुल्तेत' म्हणतात, म्हणजे 'उल्हास करो'. कुणी ते संत आंब्रोजचं म्हटलं, कुणी ऑगस्टीनचं; लेखक ठाऊक नाही. सातव्या-आठव्या शतकातल्या गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, हस्तलिखितांत ते सापडतं. गायला दहाएक मिनिटं लागतात. तेवढा वेळ लोक मेणबत्त्या धरून उभे, आणि वरून ओघळ चालू. ते मेणबत्तीचं स्तोत्र असलं तरी बरंचसं रात्रीला उद्देशून आहे. हीच ती रात्र, हीच ती रात्र असं परत परत म्हणत ते समुद्र ओलांडण्यापासून कबरेपर्यंत येतं. येशू कधी उठला ती वेळ फक्त ह्या रात्रीला माहीत, असंही त्यात आहे. साक्षीदार नसल्याची शुभवर्तमानांतली अडचण स्तोत्रकारानं अशी सोडवली. आणि एके ठिकाणी तर तो आदामाच्या अपराधालाच धन्य म्हणतो, कारण त्याच्यामुळे असा तारणारा लाभला. हे काहींना झेपलं नाही. अकराव्या शतकात क्लूनीचा मठाधिपती ह्यू याने तेवढं वाक्य खोडायला लावलं, असं सांगतात. वाक्य मात्र परत आलं आणि आजही गातात. ईस्टरचा आनंद चूक लपवत नाही, तिला हाताला धरून घरी आणतो. ह्यू साहेबांना तो फारच सैल वाटला असणार.

मधमाश्याही टिकल्या. दक्षिण इटलीत, बेनेवेंतो, बारी, मोंते कास्सिनो ह्या पट्ट्यात दहाव्या ते तेराव्या शतकांदरम्यान हे स्तोत्र कातड्याच्या लांब गुंडाळ्यांवर लिहीत. डीकन उंच व्यासपीठावर उभा राहून गात जाई आणि गुंडाळी पुढच्या बाजूनं खाली सोडत जाई. म्हणून पुष्कळ गुंडाळ्यांत अक्षरं गाणाऱ्याच्या बाजूनं सुलट आणि चित्रं उलटी काढलेली आहेत. खाली उभ्या माणसांना ती सुलट दिसायची. त्या चित्रांत पोळी आहेत, फुलांवर बसलेल्या माश्या आहेत, मध गोळा करणारे गावकरी आहेत. लॅटिन न कळणाऱ्या शेतकऱ्याला वर्षातल्या सर्वांत पवित्र रात्री चर्चमध्ये स्वतःचाच धंदा दिसायचा.

माश्यांचं एवढं कौतुक कशासाठी? व्हर्जिलसकट पुष्कळ जुन्या लोकांची समजूत होती की, मधमाश्यांत नर-मादीचा संग नसतो, त्या पिल्लं फुलापानांवरून वेचून आणतात. मग मेण म्हणजे कुमारी जीवाची निर्मिती, आणि कुमारी मरियेपासून जन्मलेल्या ख्रिस्ताला साजेशी. पुढे कळलं की राणीमाशी उडता उडता चांगली दहा-बारा नरांशी घरोबा करते. तोवर स्तोत्रातला माश्यांचा तो लांबलचक गौरव केव्हाच कातरला गेला होता, पण दोन उल्लेख राहिले: ही मेणबत्ती माश्यांच्या कष्टांतून आली आहे, आणि आई मधमाशीनं ती घडवली. १९७३च्या इंग्रजी भाषांतरानं तेही गाळले. कदाचित गिरणी-कारखान्यांच्या शहरांत माश्या विचित्र वाटल्या असतील. २०११च्या नव्या भाषांतरात त्या परतल्या.

शास्त्राच्या बाजूनंही कौतुक वाजवी आहे. कामकरी माशी दोन-तीन आठवड्यांची असताना तिच्या पोटाखालच्या चार जोड ग्रंथींतून मेणाचे पारदर्शक कपचे झरतात. ते ती पायांनी ओढून चावून मऊ करते आणि पोळ्याला लावते. एक किलो मेणापाठी माश्या कित्येक किलो मध खातात. पास्काच्या मेणबत्तीत मुख्य भाग माशीच्या मेणाचा हवा असं रोमनं १९०४ साली ठरवून दिलं होतं. १९८८च्या रोमच्या पत्रकातही ती मेणाचीच असावी, खोटी नसावी, दर वर्षी नवी असावी, एकच असावी असं बजावलंय. बजावावं लागलं, कारण आत तेलाची कुपी आणि बाहेर प्लास्टिकची नळी असलेली, कधीच आखूड न होणारी 'मेणबत्ती' बाजारात आली आहे. न झिजणारा दिवा कुणाला नको? पण पास्काच्या मेणबत्तीचं सगळं म्हणणंच झिजण्यात आहे.

आता धूपाचे पाच दाणे. पाच जखमा, पाच दाणे, हे इतकं चपखल बसतं की मुळातच असं असणार असं वाटतं. पण एक्सुल्तेतमध्ये 'इन्चेन्सुम' असा एक शब्द येतो. त्याचा अर्थ पेटवलेलं असाही होतो आणि धूप असाही. 'ह्या पेटवलेल्या मेणबत्तीचं सायंकालीन अर्पण' असं जिथे म्हणायचं होतं, तिथे पुढच्या पिढ्यांनी 'ह्या धूपाचं अर्पण' असं वाचलं. आणि स्तोत्रात धूप आहे तर विधीतही हवा! जुन्या विधीत डीकन गाता गाता नेमका त्या शब्दापाशी थांबायचा आणि पाच दाणे मेणात टोचायचा. अभ्यासकांचा तर्क असा की, दाण्यांचा जन्म बहुधा ह्याच गैरवाचनातून झाला. जखमांचा अर्थ नंतर येऊन चिकटला. मला हे वाचून वाईट वाटलं नाही. चुकीच्या शब्दातून आलेल्या जागेत लोकांनी जखमा ठेवल्या, दुसरं काही ठेवलं नाही. हल्ली ते दाणे तांबड्या मेणाच्या खिळ्यांत भरून येतात. खिळे जखमांवर ठोकायचे म्हणजे जरा अतीच होतं, पण दाणे गळून पडत नाहीत हे खरं.

सालाच्या आकड्यांचं मूळ जास्त सरळ आहे. ७०१ साली इंग्लंडमधल्या जॅरोच्या मठातले काही बंधू रोमला होते. नाताळच्या दिवशी तिथल्या मरियेच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांवर लिहिलेलं त्यांनी पाहिलं: प्रभूच्या दुःखसहनाला ६६८ वर्षं झाली. बीडनं ही हकीकत ७२५ सालच्या कालगणनेवरच्या ग्रंथात नोंदवून ठेवली. वजाबाकी केली तर ३३ उरतात, येशूचं वय. पुढे मध्ययुगात पास्काच्या मेणबत्तीवर तक्ताच बांधत, त्यात साल, चंद्राच्या तिथीचा हिशेब, सण असं सगळं. पंचांगच म्हणा. गरजही होती, कारण ईस्टर दर वर्षी हलतो. २१ मार्चच्या किंवा नंतरच्या पौर्णिमेपाठचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही. तक्ता गेला, चार आकडे तेवढे राहिले.

मेणबत्ती मोठी करायची हौसही पुरवून झाली. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीची ३६ फुटी होती म्हणतात, आणि डरहमची इतकी उंच की छताला ठेवलेल्या भोकातून वरून पेटवावी लागे. रोमच्या संत पॉलच्या मोठ्या चर्चमध्ये बाराव्या शतकातला संगमरवरी दीपस्तंभ अजून आहे, साडेपाच मीटरच्या वर, अंगभर कोरलेला. दीपस्तंभ वाढले, मेणबत्त्या वाढल्या, आणि त्याच काळात अंधार मात्र हातचा निसटला.

ती विसंगती अशी. पास्काचं जागरण मुळात रात्रभराचं. रात्रभर वाचन, पहाटेच्या सुमारास नव्या लोकांचा स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, मग मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयाग. पुढे मोठ्या माणसांचे स्नानसंस्कार कमी झाले, उपास करून रात्र काढणं जड जाऊ लागलं, आणि विधी हळूहळू अलीकडे सरकला. रात्रीवरून संध्याकाळी, तिथून दुपारी. १५६६ साली पोप पायस पाचवे यांनी दुपारनंतर मिस्सा करायलाच मनाई केली, तेव्हा तो सकाळीच येऊन पडला. शनिवारी सकाळी सूर्य खिडक्यांतून आत आलेला, आणि डीकन गातोय, हीच ती रात्र! त्या काळी ज्योत आणायलाही ही मेणबत्ती वापरत नसत. बोरूच्या काठीवर तीन फांद्यांची एक छोटी मेणबत्ती असे. एक विझली तर दुसरी असावी असा व्यवहारी बेत असावा. खरा खांब वेदीपाशी आधीच उभा. लोक फारसे नसतच.

वसई आणि गोव्यातही हाच विधी. वसई पोर्तुगिजांकडे गेली १५३४ला, चिमाजी अप्पांनी घेतली १७३९ला. राज्य बदललं पण पास्काची सकाळ बदलली नाही. पोर्तुगीज भाषेत पवित्र शनिवारला आलेलुयाचा शनिवार म्हणतात, कारण उपासकाळात बंद असलेला आलेलुयाचा स्तुतिघोष त्या सकाळीच परत गायला जाई. १९१७च्या धर्मसंहितेनुसार चाळीस दिवसांचा उपासही शनिवारी दुपारी बाराला सुटायचा. माझी आजी सांगायची, आम्ही शनिवारी घंटेची वाट बघत चुलीपाशी बसायचो. गुरुवारपासून घंटा मुक्या, लाकडी फळीची खटखट तेवढी. घंटा वाजली की उपास सुटला. मेणबत्तीचं विचारलं की ती म्हणायची, "होती की. पण दिवसाची मेणबत्ती कोण बघतंय, बाळा?"

पोप पायस बारावे यांनी फेब्रुवारी १९५१मध्ये प्रयोग म्हणून जागरण रात्री करायला परवानगी दिली. १६ नोव्हेंबर १९५५च्या फर्मानानं ते सगळ्यांना लागू झालं. १९५६चा ईस्टर १ एप्रिलला होता. म्हणजे ३१ मार्चच्या रात्री जगभरच्या कॅथलिक चर्चनी दिवे मालवले. बोरूची काठी गेली आणि मेणबत्ती स्वतः चालू लागली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, डिसेंबर १९६३च्या दस्तऐवजानं, लोकांच्या भाषेला वाट करून दिली आणि वसईच्या अंधारात स्तोत्र मराठीतून आलं. आजीला ह्यातलं पोपचं नाव कधी आठवायचं नाही. तिला आठवायचं ते लुगडं. "पयल्याच रातीला माझ्या नव्या लुगड्यावर ठिपका," असं ती सांगायची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा कागद ठेवून कोळशाची इस्त्री फिरवली. मेण कागदात उतरलं आणि अक्षरं पाठच्या बाजूनं वाचता येतील इतका कागद पारदर्शक झाला. घरोघर तेच चाललं होतं म्हणे. सोमवारी विहिरीवर बायका एकमेकींचे ठिपके बघत हसत होत्या.

जागरणानंतर मेणबत्ती वेदीजवळ उभी राहते. पूर्वी स्वर्गारोहणाच्या दिवशी शुभवर्तमान वाचून झालं की ती विझवत, लोकांदेखत, येशू दिसेनासा झाला म्हणून. १९७०च्या सुमाराच्या सुधारणेनंतर ती पन्नासाव्या दिवशीपर्यंत, पेन्टेकॉस्टपर्यंत राहते आणि मग स्नानकुंडापाशी जाते. त्यापुढे वर्षभर ती दोनच कामांसाठी पेटते. बाळाचा स्नानसंस्कार असेल तर त्याची छोटी मेणबत्ती हिच्यावर लावतात. आणि कुणी गेलं की शवपेटीपाशी हीच उभी करतात. एकाच मेणबत्तीवर एका सकाळी नाव ठेवलेलं पोर येतं आणि त्याच दुपारी पणजोबा निघतात, असं आमच्याकडे एकदा झालं. मधे फक्त वात कातरली होती.

उरलेल्या मेणाचं रोममध्ये मोठं प्रस्थ होतं. आदल्या वर्षीच्या पास्काच्या मेणातून कोकराचा छाप असलेल्या चकत्या पाडत. पोप त्या आशीर्वादित करत आणि लोक वादळ-आगीपासून राखण म्हणून गळ्यात बांधत. तीही रीत १९६०च्या दशकात बंद पडली.

आमच्याकडे उरलेली मेणबत्ती सामानाच्या खोलीतल्या कपाटात जाते. चर्चची व्यवस्था बघणाऱ्या काकांनी एकदा ते मला उघडून दाखवलं. खालच्या फळीवर मेणाच्या आकड्यांची डबी: संचात आलेले, न वापरलेले. वरच्या फळीवर गेल्या काही वर्षांची थोटकं ओळीनं उभी. कुठली हातभर, कुठली वीतभर. ज्या साली मयतं जास्त झाली त्या सालची सर्वांत आखूड, काका म्हणाले. मधेच एक जवळजवळ अख्खी. २०२०. त्या वर्षी १२ एप्रिलला ईस्टर होता आणि चर्च बंद. रोमनं कळवलं होतं, शेकोटी नको, मिरवणूक नको, मेणबत्ती तेवढी लावा. फादर, काका आणि एक गाणारा, तिघंच होते. पुढे किती महिने स्नानसंस्कार नाहीत, आणि गेलेली माणसं चर्चमध्ये न येताच परस्पर दफनभूमीत गेली.

"वितळवून टाका ना," मी म्हटलं. "मेण चांगलं आहे."

काकांनी तिच्यावरची धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसली. वातीचं टोकच तेवढं काळं होतं, खाली सगळी पांढरी. त्यांनी ती परत ओळीत ठेवली, आकडे बाहेरच्या बाजूला येतील अशी, आणि कपाटाचं दार लावलं.